लाल टिकली

भिंतीवरचं शेवटचं चित्र उतरवून अच्युतराव रिकाम्या गॅलरीत स्टुलावर टेकले. एकतीस वर्षं इथं दुसऱ्यांची चित्रं टांगली. आता घरी बसून स्वतःची काढायची, असं ठरवलं होतं. ठरवलं खरं, पण या वयात जमणार का, ही धाकधूक काही जात नव्हती.

निरोप घ्यायला आलेल्या उल्काचं पहिलं प्रदर्शन इथंच भरलं होतं. सहा दिवस झाले तरी तिचं एकही चित्र विकलं गेलं नव्हतं. सातव्या दिवशी अच्युतरावांनीच एका चित्राखाली 'विकलं' म्हणून लाल टिकली लावली, "फोनवरून घेतलं कुणीतरी," असं तिला सांगितलं आणि ते गुपचूप घरी नेलं.

"हे कुणाचं?" भिंतीकडे तोंड करून ठेवलेलं चित्र फिरवत तिनं विचारलं.

"माझं. राहू दे गं, जमलेलं नाही अजून."

ती बराच वेळ बघत राहिली. मग टेबलावर उरलेल्या टिकल्यांमधली एक सोलून तिनं चित्राच्या कोपऱ्यावर लावली.

"अगं, घेतलं कुणी?"

चित्र काखोटीला मारून ती निघाली. "तेव्हा मी विचारलं होतं का, सर?"