होई आनचे तीन दिवस

“दिवाळीत जायचं म्हणजे तिथं पुराचे दिवस, गुरुजी,” रियाज म्हणाला. “नदी गल्लीत येती. लोक होडीतून बाजाराला जातात.”

सिद्रामप्पांनी चष्मा कपाळावर चढवला. रियाज त्यांचा जुना विद्यार्थी, आता लातुरात लोकांच्या सहली काढायचा. मुलगा महांतेश याचा कोचिंग क्लास वर्षातून पाचच दिवस बंद राही, तेही दिवाळीत. म्हणून व्हिएतनाममधलं ते जुनं गाव, होई आन, बघायचं तर दिवाळीतच. मुलगा, सून, दोन नाती आणि ते स्वतः. आखणी गुरुजींकडे होती. शाळेच्या सहली आखत तशीच ते ही सहल आखत होते, फुलस्केपवर रेघा मारून, प्रत्येक जागेपुढं वेळ घालून.

“पहिला दिवस. सकाळी सात, जुना पूल. आठ, नाष्टा. नाष्ट्याला काय मिळतं रे तिथं?”

“तांदळाच्या पातळ पारीत कोळंबी भरत्यात. फुलावानी दिसतं.”

“कोळंबी राहू दे.”

“त्यांच्यात बी तिथी पाळत्यात गुरुजी. त्या दिवशी बिनमांसाचं मिळतं. तुमचं न माझं तिथं सारखंच हाय. दोघांनी बी विचारून विचारून खायचं.”

गुरुजी मोठ्यानं हसले. “तीन वर्षांमागं आपण रेल्वेनं पाणी आणून प्यायलो, आणि आता विमानानं पाणी बघायला चाललो!”

टेबलाच्या दुसऱ्या टोकाला सून वर्षाराणी क्लासच्या परीक्षेचे प्रश्न काढत बसली होती. ती बायोलॉजी शिकवायची. तीही मान खाली घालून हसली.

रियाजनं मोबाईल पुढं केला. फोटोत तिथल्या कुण्या जुन्या व्यापाऱ्याचं घर. भिंतीवर आडव्या रेघा, प्रत्येक रेघेशी पुराचं साल. वर माळवदाच्या फळ्यांत एक चौकोनी झडप. पाणी चढलं की घरातली माणसं तिच्यातून दोरानं सामान वर ओढून घेतात.

गुरुजी खुलले. “हे पोरींना दाखवायलाच पाहिजे. तेही पाणी असतानाच. भिंतीवरची रेघ आणि खालचं पाणी, दोन्ही एकदम दिसलं की आयुष्यभर विसरणार नाहीत. मोजायलाच लावू.” त्यांनी लिहिलं, दुसरा दिवस, सकाळी दहा, होडीतून. सोबत वही, टेप, डबा.

“आप्पा,” वर्षाराणीनं विचारलं, “तवा त्या घरात माणसं असतील न?”

“असतील की. त्यांना सवय असती.”

“वहिनी, गुरुजींचं पहिल्यापासून असंच,” रियाज म्हणाला. “पुस्तकावर भागायचं न्हाई त्यांचं. आम्हाला तर किल्लारीला नेलं होतं. भूकंपाच्या चौथ्या दिवशी! रविवार होता.”

वर्षाराणीचं माहेर किल्लारी. रियाजला ते ठाऊक नव्हतं. आणि त्या रविवारबद्दल गुरुजींनी ती या घरात आल्यापासून अकरा वर्षांत एक शब्द काढला नव्हता.

“रियाज, विमानाच्या वेळा सांग बरं,” ते म्हणाले.

“सांगतो की. सातवीचा आख्खा वर्ग, वहिनी, टेम्पोत. मिलिटरीवाल्यानं अडवलं. गुरुजी म्हनले, शाळेची पोरं हायत, शिकायला आलीत. सोडलं न त्यानं! उभ्या राहिलेल्या भिंतींच्या भेगा मोजल्या आम्ही. वही माझ्याकडं होती. सगळ्यात मोठी भेग सात इंच.” त्याचा चेहरा फुलला होता. “असा मास्तर आता मिळायचा न्हाई. तुमच्या क्लासच्या पोरांना इचारा, खोली न क्लास सोडून काय बघितलंय त्यांनी?”

गुरुजींनी पेन उचललं. टोपण लावलं. पुन्हा काढलं.

वर्षाराणीनं समोरचे कागद बाजूला सारले. “जेवलात कुठं?” तिनं रियाजला विचारलं.

“तिथंच की. पाराच्या ओट्यावर. तेवढाच शाबूत होता. डबे होते न आमच्याकडं, भाकरी न शेंगाची चटणी. लई भूक लागली होती.”

“आणि पाणी?”

“पाणी…” रियाज आठवू लागला. “एका बाईनं दिलं. घागर घेऊन आली होती. आम्ही मागितलंबी नव्हतं. तिनंच इचारलं, पोरांनो…”

बोलता बोलता त्यानं वर्षाराणीकडं पाहिलं. मग गुरुजींकडं. गुरुजी फुलस्केपकडं बघत होते.

“वहिनी, तुमचं गाव कोणतं?” त्यानं हळूच विचारलं.

“किल्लारी.”

वरच्या मजल्यावर महांतेशच्या क्लासची मधली सुट्टी झाली होती. जिन्यावरून शे-दोनशे पोरं धडधडत उतरली.

“त्या दिवसांत गाड्याच गाड्या यायच्या,” वर्षाराणी म्हणाली. तिचा आवाज वर्गात शिकवताना असतो तसाच होता, शांत. “आमची आई सगळ्यांनाच पाणी विचारायची. लांबून आलेत, तहानले असतील म्हणायची. माझा भाऊ अजून सापडायचा होता तवा.”

गुरुजी उठून उभे राहिले. कशासाठी उठलो, हे त्यांचं त्यांनाच कळलं नसावं. कुठं जायला निघाले नाहीत. विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर न आलेला पोरगा बाकाजवळ उभा राहतो तसे हात खाली सोडून उभे राहिले.

गुरुजी उभे म्हणून रियाजही उठला.

“बसा न, आप्पा,” वर्षाराणी म्हणाली. “भाईजान, तुम्हीबी बसा.”

दोघंही बसले नाहीत.