सरांच्या अडचणी

“रेवती, माझा आवाज पोरांपर्यंत जात नाहीये बहुतेक. जरा येतेस का गं?”

रेवतीने फोन ठेवला आणि कपाळाला हात लावला. शेजारच्या टेबलावरचा चिराग हसला. “तेरे सर?”

“मेरे काहे के! मराठी होने की सज़ा है, यार.”

बळवंत सर निवृत्तीनंतर मानद प्राध्यापक म्हणून याच सत्रात गुडगावच्या या विद्यापीठात आले होते. पहिल्या दिवशी तिचं आडनाव ऐकून खुलले, आणि तेव्हापासून त्यांच्या ऑनलाइन वर्गातली प्रत्येक अडचण तिच्या गळ्यात पडू लागली. कधी अर्ध्या वर्गाला सरांचा पडदा दिसेना. कधी गावाहून जोडलेल्या मुलाचं नेट इतकं मंद, की सरांच्या स्लाइड उघडेनात. एकदा गटचर्चेतून दोन मुली गायब झाल्या, तर सर माउस हातात धरून म्हणाले, “गेल्या कुठे गं त्या?”

तीच अडचण घेऊन मात्र ते दुसऱ्यांदा येत नसत. दर वेळी नवी.

“रोज नवा घोळ घालायलाही डोकं लागतं,” दिल्लीत आर. के. पुरमला घरी पोचल्यावर ती आईपाशी चिडचिड करायची. “आणि वर विचारतात, मुलांचं काय होतं गं अशा वेळी? काय होणार? बसतात बिचारी!”

एरवी तिने हसून सोडून दिलं असतं. पण ती इथे कंत्राटावर पदार्थविज्ञान शिकवत होती, आणि विभागात एक कायम जागा निघाली होती. ती मिळाली नाही तर सत्र संपताच कंत्राटही संपणार होतं. शेवटच्या यादीत दोनच नावं, तिचं आणि चिरागचं. मुलाखतीत निवड समितीसमोर खऱ्या मुलांचा ऑनलाइन वर्ग घेऊन दाखवायचा होता. तिला तयारीला एकेक तास हवा होता, आणि तो तास सर खात होते.

मुलाखतीच्या आदल्या दिवशी पुन्हा फोन.

“रेवती, एक मुलगी म्हणते, सर, तुमचा आलेख मला ऐकू येत नाही.”

“सर, आलेख बघायचा असतो.”

“हो ना. तरी जरा येतेस?”

“आज खरंच नाही जमणार, सर. उद्या मुलाखत आहे माझी.” तिने चिरागकडे पाहिलं. तो निवांत समोसा खात होता. “चिरागला पाठवते.”

“तू आली असतीस तर बरं झालं असतं,” सर म्हणाले. “असो. पाठव त्याला.”

जाऊ दे, त्याचाही एक तास बुडू दे, असं तिच्या मनात आलं, आणि तिला जरा गंमत वाटली. चिराग बराच उशिरा परतला.

“पका दिया ना?” तिने विचारलं.

“हां यार,” तो खुर्चीत बसत म्हणाला आणि लॅपटॉपमध्ये डोकं घालून बसला.

दुसऱ्या दिवशी रेवतीने विषय घेतला तो गरम चहा थंड होण्याचा. सुरुवातीलाच तिचा आवाज गेला. तिने तो क्षणात परत आणला. मग अर्ध्या वर्गाचा पडदा अडकला. तिने बोलणं न थांबवता तोही सोडवला. एका मुलाचं नेट रडत होतं, त्याला तिने हलकी स्लाइड पाठवून दिली. समितीतल्या विभागप्रमुख अलकनंदा मॅडमनी मान डोलावली. रेवतीने पडद्यावर आलेख आणला.

“मॅम,” एका मुलीचा आवाज आला, “ये लाइन ऊपर जा रही है या नीचे?”

“स्क्रीन पे देखो ना बेटा. इतना साफ़ तो है.”



“मॅम, मुझे दिखता नहीं,” मुलगी शांतपणे म्हणाली. “मैं सुनकर पढ़ती हूँ. आप बोल दीजिए.”

रेवतीने तोंड उघडलं. रेषा, वळण, अक्ष... एकही धड वाक्य जुळेना. तेवढ्यात वेळ संपली.

संध्याकाळी चिरागचं नाव लागलं. त्याने म्हणे त्या मुलीला अख्खा आलेख शब्दांत उभा करून दिला होता.

रेवती तडक अलकनंदा मॅडमच्या खोलीत गेली.

“मॅडम, बाकी सगळं जमलं ना मला? मग एका प्रश्नावर...”

“तोच प्रश्न महत्त्वाचा होता, रेवती. समितीचं एकमत झालं.”

“तयारी करू दिली असती तर तोही जमला असता!” तिचा बांध फुटला. “तुम्हाला माहीत नाही, बळवंत सरांनी अख्खं सत्र माझ्या डोक्यावर मिरे वाटले. साधा आवाज सुरू करता येत नाही हो त्यांना!”

अलकनंदा मॅडमनी चष्मा काढला.

“कुणाला, बळवंत सरांना?” त्या म्हणाल्या. “अगं, निवड झाली, आता नाव सांगायला हरकत नाही. आजची सगळी परीक्षा त्यांनीच तर रचली होती.”