परातीतलं नाव

वाशीमच्या दवाखान्यात मनकर्णाबाईची सून तापानं फणफणत पडली होती. अपेंडिक्स फुटलेलं, अन् ऑपरेशन सरकारी योजनेच्या कार्डावरच व्हायचं होतं. पण एकाच्या कार्डावर दुसराच कोणी उपचार करून जायचा, म्हणून आता नवा कायदा आला होता. आधी अंगठा जुळला पाहिजे. विळ्यानं सोयाबीन सोंगून सोंगून सुनेच्या अंगठ्याच्या रेषाच झिजलेल्या, मशीन काही घेईना.

"मग पेशंटनं स्वतःच्या तोंडानं नाव सांगावं," कार्ड तपासणारा बाबू म्हणाला. "कार्डावर रेणू आहे, अन् तुम्ही मघापासून साधना साधना करून राह्यल्या."

"कार्ड माहेरच्या नावाचं हाय, बापा. लग्नात परातीतल्या तांदळावर साधना नाव म्याच लिहाले लावलं."

नव्या नवरीनं चुकून रेणू म्हटलं, की मनकर्णाबाई तिच्या हातचं पाणीही घेत नसे. आमच्या घरात आमचंच नाव चालते, हा तिचा तोरा साऱ्या किन्हीराजा गावाले ठाऊक.

आता तोच तोरा पदरात गुंडाळून ती खाटेवर वाकली. "रेणू सांग, माय. तुह्या पाया पडतो. फकत रेणू म्हण."

"बाई, तुमचं नाव काय?" बाबूनं विचारलं.

सुनेनं कसेबसे डोळे उघडले. सासू समोर दिसताच डोक्यावर पदर घेतला.



"साधना," ती म्हणाली. "आता नाई चुकत मी, माय."