पंखा सारखा वाजतोय

"आजपन वाजला का गो तो?" सदानंदांनी तव्यावरची भाकरी उलटत विचारलं.

"वाजला," मेघा म्हणाली. "सकाळपासून तिसऱ्यांदा."

सासऱ्यांनी मान हलवली आणि पुन्हा भाकरीत डोकं घातलं. भाकरी एका अंगानं करपली होती, दुसऱ्या अंगानं कच्ची. सत्तरीपर्यंत ज्यांनी कधी परातीला हात लावला नव्हता, ते सदानंद गेले दोन महिने हट्टानं चुलीपुढे बसत होते. मेघानं पीठ घेतलं की "तू तुजा डबा बघ" म्हणून तिला उठवत. शेजारच्या धोंडीबाईनं तर तोंडावर ऐकवलं होतं, "सून खुर्चीत आनि सासरा चुलीशी. मज्जा हाय बाय तुजी."

डबा म्हणजे लॅपटॉप. मुरबाडजवळच्या या गावात बसून मेघा ठाण्यातल्या एका विमा कंपनीचं काम करायची. तिचा नवरा रूपेश तीन वर्षांपूर्वी तापानं गेला, तेव्हापासून घरात ती आणि सासरे, दोघंच. मुरबाडला रेल्वे नाही. एसटीनं कल्याण गाठायचं, तिथून ठाणं, आणि संध्याकाळी तेच उलटं. महिन्याभरात माणूस अंथरूण धरेल. म्हणून कंपनीनं घरून काम करू दिलं होतं, पण एका अटीवर. हा लॅपटॉप चालतोय तोवर घरून. तो बंद पडला तर नवा घरी मिळणार नाही, ठाण्यालाच येऊन राहायचं. दिवाळीत तिनं ही अट सासऱ्यांना नीट समजावून दिली होती, निदान लॅपटॉपवर चहाचा कप तरी ठेवणार नाहीत म्हणून.

एक गोष्ट मात्र तिनं सांगितली नव्हती. त्याच दिवाळीत ऑफिसातल्या वैद्य मॅडमनी तिला वरची जागा देऊ केली होती. एप्रिलपासून, ठाण्यात, राहायच्या सोयीसकट. मेघाला ती जागा हवी होती. इतकी हवी होती, की दोन दिवस जेवणावर वासना राहिली नाही. तिसऱ्या दिवशी तिनं फोन करून नाही म्हटलं. बाबांना एकटं टाकून जायला मन धजेना.

आणि आता लॅपटॉपचा हा पंखा. आधी दिवसातून एखादेवेळी घुरघुरायचा, मग तासातासाला, आणि आता बंद व्हायचंच नाव घेत नव्हता. लॅपटॉप तापून मध्येच काळा पडायचा.

शनिवारी तिनं तो मुरबाडला नेला. एसटी स्टँडमागे मीना नावाच्या मुलीचं दुरुस्तीचं दुकान होतं.

"पंखा बिचारा बरा हाय, ताई," मीना लॅपटॉप उघडत म्हणाली. "आतली गरमी भायेर जायला वाट मिळत नाय, म्हणून तो जास्त पळतो. धूळ बसते, गरमी ओढणारी आतली पेस्ट सुकते, नायतर लोक गादीवर ठेवून काम करतात."

मीनानं साफसफाई करून दिली. नवी पेस्ट लावली. लॅपटॉप एकदम शहाण्या बाळासारखा गप्प झाला. मेघा खुशीत घरी आली.

"झाला बरा?" सदानंदांनी विचारलं.

"एकदम नव्यासारखा."

"बरं," ते म्हणाले, आणि खाटेवर जाऊन भिंतीकडे तोंड करून पडले.

पंधरा दिवसांत पंखा पुन्हा सुरू. मेघा पुन्हा मुरबाडला. या वेळी मीनानं मागची जाळी खरवडली आणि चिमूटभर काहीतरी कागदावर काढून तिच्यापुढे सरकवलं.

"भाताचा कोंडा हाय, ताई. धूळ आपली आपन जाऊन बसते. ह्यो कुनीतरी बोटानं दाबून भरलाय."

परतीच्या जीपमध्ये मेघा खिडकीबाहेर बघत बसली. कोंबड्यांसाठीचं कोंड्याचं पोतं सासऱ्यांच्या खाटेखाली असायचं. घरात तिसरं माणूस नव्हतं.

"बाबा, लॅपटॉपमध्ये कोंडा कसा गेला?" पोचल्या पोचल्या तिनं विचारलं.

"कोंबड्या फिरतात घरात."

"कोंबड्या दाबून भरतात कोंडा?"

सदानंदांनी वर बघितलं नाही. "बिघडला तर बिघडू दे. काय सोनं लागलंय त्याला?"

मेघाला सगळा उलगडा झाला. धोंडीबाईचे टोमणे म्हाताऱ्याला झोंबले होते. सुनेनं नोकरी करावी हेच त्यांना नको होतं. हे रोज चुलीपुढे बसून दाखवणं, त्या वाकड्यातिकड्या भाकऱ्या, सगळा तिच्यावरचा राग. सून आपल्याला सोडून ठाण्याला जाणार नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. म्हणजे डबा बंद, नोकरी बंद, आणि सून कायमची चुलीशी.

ज्यांच्यासाठी एवढ्या चांगल्या जागेवर पाणी सोडलं, त्यांनीच हे करावं? मेघा न्हाणीघरात जाऊन तोंड दाबून रडली. रडून झाल्यावर तिला स्वतःचाच राग आला.

सोमवारी सदानंद शेताकडे गेल्यावर तिनं वैद्य मॅडमना फोन लावला.

"मॅडम, ती एप्रिलची जागा आता गेली असेल ना?"

"का हो?"

"लॅपटॉप बंद पडत आलाय. जागा असेल तर मी ठाण्याला येते. इथे माझं अडत नाही कुणावाचून, आणि माझ्यावाचूनही कुणाचं नाही."

मॅडम हसल्या. "तुमची जागा ठेवलीय, मेघा. तुम्ही नाही म्हणालात ते त्यांनी ऐकलं असावं; त्याच आठवड्यात तुमच्याच फोनवरून तुमच्या सासऱ्यांचा फोन आला होता. म्हणाले, 'मॅडम, जागा कुनाला देऊ नका. शिमग्यापर्यंत तिचा लॅपटॉप बंद पडंल, मंग येईल ती.'"