आहे का कोणी साक्षीदार?

कर्ज देणाऱ्या अ‍ॅपचा एक हप्ता चुकला, तर वसुलीवाल्याने पार्लरवालीच्या फोनमधल्या प्रत्येक नंबरवर "ही बाई चोर आहे" असं सांगून तिची अब्रू वेशीवर टांगली होती. आज ग्राहक न्यायालयात त्याच्या कंपनीचा वकील मिशीत हसत म्हणाला, "असे फोन केल्याला आहे का कोणी साक्षीदार?"

ती याच प्रश्नाची वाट पाहत होती. तिने धावत जाऊन दार उघडलं. व्हरांड्यात मुंगी शिरायला जागा नव्हती! दूधवाला, घरमालकीण, केसांचा रंग न धुताच आलेलं गिऱ्हाईक.

आणि सगळ्यांना ढकलत पुढे आली, न बोलावलेली, वर्षानुवर्षं अबोला धरलेली नणंद.

"मलाही आला होता फोन, साहेब! वहिनीशी भांडायला मी आहे ना. हा कोण टिकोजीराव लागून गेला?"