अर्थिंगचं पाणी

आईला कमी ऐकू येतंय, म्हणून अप्पांच्या भजनाची जुनी कॅसेट ऐकवायला हेडफोनला अँप्लिफायर जोडला. तर नुसती घरघर.

"ह्यात तुझं अप्पा कुठं हाईत? गिरणी चाललीया की!"

वायरी बदलल्या, अडॅप्टर बदलला, फ्रिज बंद केला. घरघर हाय तशीच.

मग आठवलं. उन्हाळ्यात अप्पा रोज मीटरखालच्या अर्थिंगच्या खड्ड्यात कळशीभर पाणी ओतायचे. मी चिडवायचो, "अप्पा, तिथं काय आंबा लागणार हाय व्हय?" आई हसायची. अप्पा गेल्यापास्नं खड्डा कोरडाच. माती सुकली की अर्थिंग नीट लागत न्हाई, आन् आवाजात घरघर येती.

जाऊन कळशी ओतली. घरघर थांबली.

आईनं हेडफोन दोन्ही हातांनी दाबून धरला. डोळं मिटून अख्खं भजन ऐकलं. मग म्हणाली, "लागला की रं आंबा."