ताणावरचं झाड

हर्षालीने तिसरा तांब्या रिचवला, तरी जीभ टाळूला चिकटलेलीच राहिली. विद्यापीठाने तिच्या मानेत बसवलेल्या चिपला तिच्या पोटातल्या पाण्याशी काही देणंघेणं नव्हतं. प्रकल्पासाठी नेमून दिलेलं संत्र्याचं झाड तहानलेलं होतं, म्हणून ती तहानलेली होती. बहार चांगला यावा म्हणून झाडाचं पाणी तोडून त्याला ताणावर सोडलं होतं आणि ते फुलल्याशिवाय चिप निघणार नव्हती.

भेटायला आलेले बाबा पोरीचे फुटलेले ओठ पाहून कळवळले.

"बाबा, झाडाच्या पाण्याचा तेवढा व्हॉल्व्ह फिरवा ना. चिपमुळे माझ्या हाताने तो उघडत नाही."

"हे शिक्षण हाय का छळ?" म्हणत बाबा तरातरा झाडाशी गेले. व्हॉल्व्हला हात घातला आणि सवयीने वर पाहिलं. वरूडच्या संत्राबागेत उभा जन्म गेलेला माणूस तो. त्यांनी एक पान चिमटीत धरून दुमडलं, बुडाची माती बोटांनी चुरली.

हर्षाली फुटलेल्या ओठांवरून जीभ फिरवत बघत होती.

बाबांनी व्हॉल्व्हवरचा हात काढला आणि झाडाच्या खोडावर थोपटत म्हणाले, "पानं अजून हिरवीच हायेत, पोरी, पिवळी पडून गळायला लागली नाहीत. आता पाणी देलं तर बहार फुटत नाही. आठ रोज कळ काढ."